पांघरुणाखालचं बटण

“घरी कोण असतं, काका?” असं त्या डॉक्टर मुलीनं विचारलं आणि मी वाक्य विसरलो. वाक्य काही मोठं नव्हतं. ‘बायको असते. तिची काही काळजी नाही, ती ठणठणीत आहे.’ शेंबड्या पोरानंही पाठ करावं असं. मी “बायको असते” इथपर्यंत आलो आणि पुढची जागा एकदम रिकामी. तोंड उघडं राहिलं होतं, ते मिटायचंही सुचेना. नाटकात अशा वेळी मी कधी घाबरलो नाही, कारण उजव्या विंगेतून, माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, पुढचे दोन शब्द यायचे. त्या दोन शब्दांच्या भरवशावर मी उभं आयुष्य काढलं. इथे विंग नव्हती. वर पांढरं छत, कोपऱ्यात कॅमेरा, समोरच्या भिंतीत मोठा आरसा, आणि आरशामागे बसून आम्हाला बघणाऱ्या संशोधनाच्या मॅडम. मी पलंगावर छातीपर्यंत पांघरूण घेऊन पडलेला, उजवा हात पांघरुणाखाली, आणि त्या हातात ते बटण. बाहेर टळटळीत दुपार होती, माझ्या पायांत घरून घातलेले मोजे होते, आणि आता थोडेच महिने हातात आहेत असं ती मुलगी मला नुकतंच सांगून मोकळी झाली होती.

काळजी करू नका, हा माझा धंदा आहे. नाटकं कमी झाली, गुडघे बोलायला लागले, आणि म्हाताऱ्या नटाला म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठीही कुणी बोलावेना, तेव्हा एका ओळखीच्यानं मला ह्या हॉस्पिटलात चिकटवून दिलं. इथे एक संशोधन चाललं आहे. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा माणसांशी डॉक्टरांनी कसं बोलावं, काय बोलल्यानं त्यांना धीर येतो आणि काय बोलल्यानं ती आणखी एकटी पडतात, ते शोधायचं. खऱ्या मरणाऱ्या माणसावर तालीम करता येत नाही, म्हणून मी. ह्या भूमिकेत मी घड्याळं दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे, पोटातला आजार सगळीकडे पसरला आहे, औषधांनी हात टेकले आहेत. नवे डॉक्टर एकेक करून आत येतात, मला ही बातमी सांगतात, आणि मी ती दर वेळी नव्यानं ऐकतो. सगळे मला पेशंटकाका म्हणतात. तसा मी त्या खोलीत मरत कधीच नाही, मरणार आहे एवढंच मला कळतं, पण घरी गेलो की बायको विचारते, “आज किती वेळा मेलास?” आणि मी म्हणतो, “तीनदा. तिसऱ्या वेळी जरा बरा मेलो.” पूर्वी प्रयोगानंतर ती असंच विचारायची, माझा मेकअप पुसता पुसता. तेव्हा मरणं फक्त तिसऱ्या अंकात असायचं.

मुठीत मावेल एवढ्या त्या बिनतारी बटणाची युक्ती मॅडमची. समोरचा माणूस आपल्याबरोबर आहे असं वाटतंय तोवर ते अंगठ्यानं दाबून ठेवायचं, आणि आपण एकटे पडलो असं वाटलं की सोडायचं. पलीकडच्या पडद्यावर त्याची रेघ उमटते, दाबलं की वर, सोडलं की खाली. मॅडमचं म्हणणं असं की तोंडाला विचारलं तर माणूस भिडेखातर ‘छान बोलले हो डॉक्टर’ म्हणतो, अंगठ्याला भीड नसते. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. चाळीस वर्षं जो चेहऱ्यावर जगला त्याला ही बाई अंगठ्यानं अभिनय करायला सांगतेय. मग हळूहळू कळायला लागलं की अंगठा अभिनय करत नाही. डॉक्टर उभ्यानं बोलला की तो सुटतो. ‘हिंमत सोडू नका’ म्हटलं की सुटतो. डोळ्यांत पाणी यायच्या आत कुणी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला की तर झटकन सुटतो, कारण त्या डब्याचा अर्थ, आवरा आता, असा असतो. ‘आपण लढू’ म्हणणारे पुढच्या खोलीत निघून जातात आणि लढायला मी एकटा उरतो. हे सगळं मला पाठ आहे. ह्या कामात मी चांगला मुरलो आहे, असा माझा समज होता.

ती मुलगी मात्र काहीच बोलली नाही. मी अडकलोय हे तिला कळलं होतं. तिनं पाणी हवं का विचारलं नाही, ‘म्हणजे त्या बऱ्या आहेत ना’ असं म्हणून माझं वाक्य माझ्या तोंडात कोंबलं नाही. नुसती बसून राहिली, वरच्या ओठावर घाम, हात मांडीवर. शिकवलेलं गप्प बसणं मी ओळखतो, त्यात माणूस मनातल्या मनात आकडे मोजत असतो. हे तसं नव्हतं. पुढे काय बोलायचं ते तिला खरोखरच माहीत नव्हतं आणि तिनं ते लपवलं नाही. आणि मला रडू आलं. नटाचं रडू नाही. नट रडतो तेव्हा आपला बरा दिसणारा गाल प्रेक्षकांकडे ठेवायचं त्याला भान असतं. हे कुठून तरी पोटातून आलं, नाक वाहायला लागलं, घड्याळवाल्याचं घर कुठल्या कुठे गेलं आणि मला आमच्या बाहेरच्या खोलीतला पलंग दिसला, खिडकीकडे सरकवलेला, आणि त्यावर ती, गुडघ्यांखाली उशी घेऊन पडलेली. गेल्या हिवाळ्यापासून ती ठणठणीत नव्हती. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि आम्ही दोघं घरात वावरत होतो ते कुणीतरी झोपलं असल्यासारखे.

घंटा झाली. मुलगी उठली, माझ्या खांद्याला हात लावावा की नाही ते तिला ठरवता येईना, शेवटी नुसतीच मान हलवून गेली. मॅडम आत आल्या. “काका, आज वाक्य बदललंत?” म्हणाल्या. मी म्हणालो, “विसरलो. वय झालं.” “असू दे. पण हे या बघायला.” पडद्यावर माझी रेघ होती. मी अडकलो तिथे ती वर गेली होती आणि मग खाली आलीच नव्हती. “डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावरही तुम्ही दाबूनच ठेवलं होतंत,” मॅडम म्हणाल्या. मी म्हणालो अंगठा आखडला असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा प्रश्न न विचारण्याची त्यांना चांगली सवय आहे, पण त्या दिवशी त्यांनी ती मोडली. “घरी सगळं ठीक ना?” “ठणठणीत,” मी म्हणालो. आत्ता बरं आलं वाक्य.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. चष्म्यासाठी खिशात हात घातला तर हाताला बटण लागलं. गडबडीत परत द्यायचं राहून गेलं होतं. उतरून परत जायला हवं होतं, निदान फोन करायला हवा होता, पण मी ते मुठीत धरून बसलो. बाहेर दुकानांच्या पाट्या, सिग्नलला थांबलेली माणसं, एका बाईच्या हातात उघडलेली आणि मिटता न येणारी छत्री. माझी बायको आमच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. उजव्या विंगेत एक बुटकं स्टूल, हातात छोटी बॅटरी, मांडीवर संहिता. प्रॉम्प्टरला वाचता आलं की झालं असं लोकांना वाटतं. पण नट थांबला की तिला डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवावं लागतं, हा विसरलाय का मुद्दाम थांबलाय. मुद्दाम थांबलेल्याला वाक्य दिलं तर त्याचा सगळा प्रसंग पडतो आणि तो नंतर आत येऊन शिव्या देतो. विसरलेल्याला नाही दिलं तर तो तिथेच संपतो. ती कधी चुकली नाही. तुला कळतं कसं, असं मी तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, “मुद्दाम थांबतोस तेव्हा श्वास चालू असतो. विसरलास की श्वासच घेत नाहीस.” मी तिला लग्नाचं विचारलं तेव्हाही असाच अडकलो होतो, नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यात, रंगवलेल्या पडद्यांच्या वासात. ती खालच्या पायरीवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. “हे वाक्य मी देणार नाही,” ती म्हणाली. “हे तुझं तू म्हण.” आणि मी ते धडपणे म्हणेपर्यंत ती हललीसुद्धा नाही, तिची शेवटची बस चुकली.

खरी बातमी आम्हाला दुसऱ्याच हॉस्पिटलात मिळाली. तो डॉक्टर वाईट नव्हता, दमलेला होता. उभ्यानंच बोलला, नजर संगणकावर. आधीची औषधं लागू पडली नव्हती. आणखी एक औषध होतं, त्यानं कदाचित थोडे दिवस वाढले असते, त्रास बराच झाला असता, भरती व्हावं लागलं असतं. “मग सोमवारपासून सुरू करू या?” त्यानं विचारलं. ती काही बोलली नाही. मी म्हणालो, “करू या.” ती गप्प बसली, तो मी होकार धरला. मी, ज्याला दुसऱ्याचं गप्प बसणं ओळखण्याचा पगार मिळतो. तेव्हापासून आठवडा सरत आला होता आणि सोमवारचं नाव तिनं काढलं नव्हतं, मीही नाही. बाकी मी काही कमी करत नव्हतो. तिचं तोंड सारखं कोरडं पडतं, तेव्हा ओल्या कापसानं ओठ भिजवायचे. पाठ धरली की कुशीवर वळवायचं, आधी खांदा, मग कंबर. गुडघ्यांखाली उशी घातली की पोटावरचा ताण उतरतो. हे सगळं मी माझ्या कामाच्या हॉस्पिटलात पाहून पाहून शिकलो आणि मन लावून करत होतो. बोलणं तेवढं राहिलं होतं. तिला काही म्हणायचं असेल तर ती म्हणेल, अशी मी वाट बघत होतो. ती कशाची वाट बघत होती हा विचार मला बसमध्ये पहिल्यांदा आला, आणि माझा स्टॉप मागे गेला.

दार मेहुणीनं उघडलं. मी कामावर असतो तेव्हा ती बहिणीजवळ येऊन बसते. तिनं पर्स आधीच खांद्याला अडकवली होती. “उशीर केलात, भावोजी,” असं म्हणून तिनं मला स्वयंपाकघराकडे ओढलं आणि आवाज खाली आणला. “आज ताईनं दोन घोट चहा घेतला, बाकी काही नाही. आणि सोमवारची बॅग भरायला घेतली तर म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, अगं, नंतर घाई होईल. तर म्हणते कशी, नाही होणार.” माझ्याकडे बघून तिनं डोळे पुसले आणि लगेच वैतागून म्हणाली, “तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता की नाही हो? का सगळं नाटकातच बोलून संपलंय?” मग चपला घालून गेली. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि तेवढा वेळ मी सिंकपाशी उभं राहून एक कप पुन्हा पुन्हा धूत होतो.

बाहेरच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर ऊन अजून थोडं शिल्लक होतं आणि ते तिच्या पांघरुणावर पडलं होतं. “आज किती वेळा मेलास?” तिनं विचारलं. तिचा आवाज आता विंगेतल्या आवाजाएवढाच उरला आहे. “एकदाच,” मी म्हणालो. “वाईट मेलो.” तिचे ओठ भिजवायला मी वाकलो, चष्मा काढायला खिशात हात घातला, आणि बटण तिच्या पांघरुणावर पडलं. “हे काय?” मी तिला सांगितलं. दाबायचं कधी, सोडायचं कधी, रेघ कशी उमटते. ह्या बटणाबद्दल मी तिला इतक्या दिवसांत कधी बोललो नव्हतो, का कोण जाणे. ती डोळे मिटून ऐकत होती. “म्हणजे जन्मभर टाळ्या घेतल्यास,” ती म्हणाली, “आणि आता देतोस.”

“तसंच म्हण.”

“चोरून आणलंस?”

“खिशात राहिलं.”

“दे इकडे.”

तिनं ते मुठीत घेतलं. मूठ नीट वळत नव्हती, पण अंगठा बरोबर बटणावर गेला. तिनं एकदा दाबून बघितलं. पांघरुणाखाली त्याचा आवाज येत नाही, उघड्यावर येतो, टक. “जोर लागत नाही,” ती समाधानानं म्हणाली. “आता बोल. मी पेशंट.”

“काय बोलू?”

“ते मी देणार नाही.”

मी खुर्ची ओढून बसलो. एवढं तर मला येतं. म्हणालो, सोमवारी सकाळी गाडी सांगून ठेवली आहे. तिचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता. म्हणालो, खोली खिडकीची मिळेल, मी विचारून ठेवलंय. अंगठा तसाच. म्हणालो, औषध नवीन आहे, काही जणांना चांगला गुण येतो. ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती, तो दुसऱ्या कुणाचा असावा आणि त्याचं काय चाललंय ते बघावं, तसं. मग मी माझी पुंजी बाहेर काढली. त्या खोलीत आजवर जे जे चांगलं ऐकलं होतं ते सगळं मला शब्द न् शब्द पाठ होतं. “तुला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?” मी विचारलं, आवाज खाली आणून, थोडं पुढे वाकून.

“हे कुणाचं?” ती म्हणाली.

“एका डॉक्टरचं. चांगला आहे तो.”

“छान म्हणत असेल. पुढे?”

“आम्ही सगळे तुझ्याबरोबर आहोत.”

“सगळे कोण रे? आपण दोघंच तर आहोत.”

तिला हसू आलं, हसण्यातून खोकला आला. मी तिला उठवून धरलं. हातांना नुसती हाडं लागली. खोकला थांबला तशी तिला पुन्हा निजवलं, ओठ भिजवले. बटण तिनं सोडलं नव्हतं, पण दाबलंही नव्हतं. मी परत खुर्चीत बसलो. आता माझ्याकडे काही उरलं नव्हतं. समोरच्या गच्चीवरचं ऊन गेलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी श्वास घेत नाहीये हे माझ्या आधी तिला कळलेलं तिच्या डोळ्यांत दिसलं. पूर्वी इथे दोन शब्द आले असते. तिनं ओठ मिटून घेतले.

“मी आज वाक्य विसरलो,” मी म्हणालो. “बायको ठणठणीत आहे, असं होतं. मला ते म्हणता आलं नाही.” तिचा अंगठा हलला. “मला भीती वाटते. तुझ्या आजाराची नाही, त्याची सवय झाली. मी बाहेरून येईन आणि हा पलंग इथे नसेल. आज किती वेळा मेलास, असं कुणी विचारणार नाही. मला ते नकोय. म्हणून मी करू या म्हणालो. तुला विचारलंच नाही मी. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

टक.

तिनं ते दाबून धरलं. एवढंसं बटण, पण तिचं नख पांढरं झालं होतं. रस्त्यावरचे दिवे लागले आणि छतावर खिडकीच्या गजांची सावली आली. मी रडत होतो, नाक शर्टाच्या बाहीला पुसत होतो, आणि तिनं मला रुमाल दाखवला नाही. मग तिनं मूठ उघडली आणि बटण माझ्या तळहातावर ठेवलं. ते गरम झालं होतं, घामानं ओलं. “आता तू धर,” ती म्हणाली.

“सोमवारी मी येणार नाही. मला तिथे उलट्या करत पडायचं नाही. मला इथे राहायचंय, ह्या खिडकीशी. दुखेल तेव्हा दुखायचं औषध दे. ओठ भिजव. आणि ते आम्ही सगळे, आपण लढू, असलं काही बोलू नको, तुझंच काहीतरी बोल.” एवढं बोलून तिला दम लागला. “त्या डॉक्टरपुढे तू करू या म्हणालास ना, तेव्हा मला वाटलं, तू अजून पुढे काही म्हणणार आहेस. मुद्दाम थांबलायस. म्हणून मीही थांबले. रोज वाटायचं, आज म्हणेल. पहिल्यांदाच चुकले बघ मी.”

बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. तिचं म्हणणं मान्य आहे का, असं ते विचारत नव्हतं. मान्य कसं असेल? माझं सगळं अंग नको म्हणत होतं. बटणाचा नियम तेवढा साधा होता. समोरचं माणूस आत्ता तुझ्याबरोबर आहे का? ती चालली होती, आणि माझ्याबरोबर होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा होती. मी दाबलं. तिनं आवाज ऐकला आणि डोळे मिटले.

“बरं,” मी म्हणालो. “नको जाऊ या.”

तिला झोप लागली असं वाटून मी पांघरूण सारखं करायला लागलो, तर डोळे न उघडता म्हणाली, “उद्या ते परत नेऊन दे. शोधत असतील तुझ्या मॅडम.”

“देतो.”

“आणि त्या वाक्यातलं पुढचं गाळून टाक. बायको असते, एवढंच ठेव.”

“लिहिलंय तसंच म्हणावं लागतं तिथे.”

“प्रॉम्प्टरनं सांगितलं म्हणून सांग. म्हण बघू एकदा.”

“बायको असते,” मी म्हणालो. तिचे ओठ माझ्याबरोबर हलले, आवाज न करता, विंगेत हलायचे तसे. “परत,” ती म्हणाली. मी परत म्हणालो. तिसऱ्या की चौथ्या वेळी तिचे ओठ हलायचे थांबले, तिला गाढ झोप लागली होती, छाती हळूहळू वरखाली होत होती. मी खुर्चीतच बसून राहिलो. बटण सोडलं नाही.